पुढचा एक, मागचे तीन

हौशी : स्पोर्ट क्वाड, म्हणजे चार चाकांची शर्यतीची गाडी, घेतल्यावर माणूस पहिले पैसे सायलेन्सरवर घालवतो, मग हँडलबारवर, मग स्टिकरवर. ज्या एका वस्तूने गाडीचा स्वभावच बदलतो, तिच्याकडे तो चेन तुटेपर्यंत बघत नाही. ती वस्तू म्हणजे पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट. गियरबॉक्सच्या शाफ्टवरचं पुढचं चौदा दात्यांचं, मागच्या अ‍ॅक्सलवरचं अडतीस दात्यांचं, ही यामाहाच्या वायएफझेड ४५० ची मूळ जोडी. गंमत बघा, रॅप्टर ७०० लाही हीच १४-३८ जोडी. एक इंजिन साडेचारशे सीसीच्या आसपासचं, उंच फेऱ्यांवर जीव घेणारं. दुसरं ६८६ सीसीचं, खालूनच ओढणारं. स्वभावाने इतक्या वेगळ्या दोन गाड्यांना एकच जोडी शोभते, यावर माझा विश्वास नाही. कंपनीने सोयीचं ते लावलं, आता शर्यतीला काय लागतं ते आपण ठरवायचं.

शंकेखोर : सुरुवातच चुकीच्या पुराव्याने केलीत. दोन्ही गाड्यांची शेवटची जोडी सारखी आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही. क्रँकपासून चाकापर्यंत फेरे तीन ठिकाणी कमी होतात. आधी क्लचपाशी, मग गियरबॉक्सच्या आत, आणि शेवटी चेनवर. दोन्ही इंजिनांचे आतले रेशो वेगळे आहेत. बाहेरची १४-३८ ही तीन आकड्यांच्या गुणाकारातला फक्त शेवटचा आकडा. तो जुळला म्हणून उत्तर जुळत नाही. होंडाच्या ४००ईएक्सला १५-३८ यायची, सुझुकीच्या झेड४०० ला १४-४०, जुन्या बॅन्शीला १४-४१. हे आकडे शेजारी मांडून कोणती गाडी जास्त ‘पिकअपची’ हे सांगता येत नाही, तरी सगळे सांगतात. आणि कंपनीने सोयीचं लावलं म्हणता, तर ती सोय कुणाची? त्याच गाडीवर शनिवारी एखादा नवशिका वाळूत फिरणार, रविवारी दुसरा जंगलातल्या पायवाटेवर. दोघांनाही चालावी अशी ती तडजोड आहे. तडजोडीला मूर्खपणा समजू नका.

हौशी : पुरावा मागे घेतो, दावा नाही. तडजोड सगळ्यांसाठी असते आणि शर्यतीत मी सगळ्यांसाठी उतरत नाही. आता हिशेब बघा. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ३८ भागिले १४ म्हणजे २.७१. पुढे तेरा लावलं तर २.९२, म्हणजे पावणेआठ टक्के वाढ. मागे एक दाता वाढवून ३९ केलं तर २.७९, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. म्हणून गॅरेजमध्ये म्हणतात, पुढचा एक म्हणजे मागचे तीन. १३-३८ चा रेशो २.९२ आणि १४-४१ चा २.९३. फरक नावालाच. रेशोचा आकडा वाढला की रेशो ‘आखूड’ होतो. चाकावर जोर वाढतो आणि टॉप कमी होतो. आकडा घटला की तो ‘लांब’ होतो, गाडी पळते जास्त पण उठते हळू.

वेगाचंही सांगतो. गियरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतोय असं धरा. मागचं टायर १८ इंची. १४-३८ वर ताशी सुमारे ९५ किलोमीटर निघतात, १३-३८ वर ८८. सात किलोमीटर टॉप देऊन मी प्रत्येक गियरमध्ये पावणेआठ टक्के जोर घेतला. वायएफझेड ४५०आर पेट्रोल-ऑइलसकट साधारण १८४ किलोची. वर ७५ किलोचा माणूस. त्याच गियरमध्ये ती गाडी अठरा-वीस किलोंनी हलकी झाल्यासारखी उठेल. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर ताशी ९५ कुठे गाठायचेत? मग तो टॉप सांभाळून करायचं काय?

शंकेखोर : ‘त्याच गियरमध्ये’ हे दोन शब्द तुम्ही हळूच घातलेत, आणि सगळी फसवणूक तिथेच आहे. जमिनीवरचा वेग तोच असेल तर गाडीला पुढे ढकलते ती इंजिनाची ताकद, आणि ताकद स्प्रॉकेटने वाढत नाही. तेराचं लावून दुसऱ्यात जो जादा जोर मिळाला, तो तुम्ही दुसरा संपेपर्यंतच उपभोगणार. तो संपणार लवकर. मग तिसरा टाकलात की शेजारचा चौदावाला अजून दुसऱ्यातच ओढतोय आणि त्याच्या चाकावर तुमच्यापेक्षा जास्त जोर आहे. थोडा वेळ तुम्ही पुढे, थोडा वेळ तो. अठरा किलो हलकी गाडी कायम हलकी राहते. तुमची मात्र एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंतच हलकी असते.

दुसरं, टायर. तुम्ही १८ इंची धरलंत. गाडी शोरूममधून निघते तेव्हा मागे २० इंची असतात. मोटोक्रॉसवाले ती काढून १८ ची लावतात, गाडी खाली बसावी आणि वळणात उलटू नये म्हणून. व्यास दहा टक्क्यांनी घटला, म्हणजे रेशो अकरा टक्क्यांनी आखूड झाला. मागच्या ३८ चे ४२ केल्यासारखं. चार दाते फुकटात आले आणि तुम्हाला पत्ताही नाही. वर आणखी पुढचं तेरा लावायला निघालात. हवेचा दाब कमी ठेवला की टायर बसतं, त्याचा हिशेब वेगळा. मातीत ते घसरतं, त्याचा तर कुठलाच हिशेब नाही. तुमचं ताशी ८८ हे डांबरावरचं गणित आहे. ओल्या लाल मातीत चाक ८८ ने फिरेल, गाडी सत्तरने जाईल.

हौशी : टायरचा मुद्दा तुम्ही माझ्या विरोधात काढलात, पण तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. हिशेब न करणाऱ्यालाच ते चार दाते फुकट आलेले कळत नाहीत. मी २० ची काढून १८ ची लावली आणि पुढे पंधराचं घातलं, तर १५-३८ चा २.५३. त्याला ०.९ ने भागा, म्हणजे मूळच्या २० इंची टायरच्या भाषेत २.८१. कंपनीच्या २.७१ पेक्षा अजूनही आखूडच. मग पुढचं मोठं स्प्रॉकेट बघून ‘हा काय टॉपच्या मागे लागलाय’ असं म्हणणारा माणूस दातेच मोजत बसलेला असतो. मी सांगतो ते हेच, की दाते मोजू नका, जमिनीपर्यंतचा सगळा हिशेब करा.

घसरण्याचंही तसंच. घट्ट, निसरड्या मातीत आखूड रेशोने चाक नुसतं फिरतं, तिथे मागचा एक दाता कमी केलेला बरा. सैल वाळूत थोडं फिरणं गाडीला वर तरंगत ठेवतं, पण चाकाला अडवणारा भारही मोठा असतो, इंजिन दमतं. तिथे आखूड रेशो लागतो. घसरणं मोजता येत नाही म्हणून त्याची दिशाही कळत नाही, असं कुठे आहे?

शंकेखोर : बरं, हिशेब जमिनीपर्यंत न्यायचाय तर लोखंडावरून न्या. पुढचा एक म्हणजे मागचे तीन हे कागदावर खरं. गाडीवर १३-३८ आणि १४-४१ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्प्रॉकेटवर चेन गोलात फिरत नाही, बहुकोनात फिरते. दाते जितके कमी तितके कोपरे टोकदार. शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असला तरी चौदा दात्यांवर चेनची गती सुमारे अडीच टक्क्यांनी कमीजास्त होते, तेरावर जवळजवळ तीन टक्क्यांनी. प्रत्येक कडी जास्त वळते, जास्त घासते. चेन स्विंगआर्मच्या पुढच्या टोकाला जवळ येते आणि तिथली प्लास्टिकची पट्टी खाऊन टाकते.

मग म्हणाल, मागचं ४१ लावू. इथे क्वाड मोटरसायकलपेक्षा वेगळी पडते आणि मोटरसायकलवर शिकलेले लोक इथेच फसतात. मोटरसायकलचं मागचं चाक मोठं, स्प्रॉकेट जमिनीपासून लांब. क्वाडचं चाक बुटकं आणि स्प्रॉकेट दोन चाकांना जोडणाऱ्या सरळ अ‍ॅक्सलवर, उघड्यावर लटकलेलं. ५२० नंबरच्या चेनवर मागचा प्रत्येक दाता स्प्रॉकेटची त्रिज्या अडीच मिलिमीटरने वाढवतो. तीन दाते म्हणजे साडेसात मिलिमीटर. १८ इंची टायरमध्ये अ‍ॅक्सलच्या मध्यापासून जमीन २२८ मिलिमीटर, त्यातून टायर बसलेला वजा करा, स्प्रॉकेट आणि चेन वजा करा. जे उरतं त्यातून तुम्ही साडेसात मिलिमीटर काढून दगडाला देताय. जंगलातल्या शर्यतीत एकच दगड पुरतो. खाली गार्ड लावतात ते शोभेला नाही.

आणि चेन तीच ठेवली तर मागे एक दाता वाढला की अ‍ॅक्सल सुमारे चार मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. चेनचा वरचा पदर ज्या कोनात ओढतो तोही बदलतो, त्यामुळे थ्रॉटल दिल्यावर मागचं सस्पेन्शन बसतं कसं, उठतं कसं, तेही बदलतं. चालक येऊन सांगतो, ‘नवा रेशो भारी आहे, गाडी वळणात छान बसते.’ ते रेशोमुळे झालं की अ‍ॅक्सल बारा मिलिमीटर पुढे आल्यामुळे? तुम्ही एक गोष्ट बदलली असं समजता, बदलतात चार.

हौशी : तेराच्या बाजूने एक सांगू का? चेनच्या कड्या सम संख्येत असतात, एक आतली, एक बाहेरची, अशा आलटून-पालटून. स्प्रॉकेटचे दाते सम असले तर ठरावीक दात्यावर कायम आतलीच कडी बसते आणि शेजारच्यावर कायम बाहेरची. झीज एकाआड एक पडते. तेरा किंवा पंधरा विषम, तिथे दर फेऱ्याला अदलाबदल होते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. म्हणजे चौदा हा आकडा काही देवाने दिलेला नाही.

बाकी तुमचं सगळं मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? १३-३८ आणि १४-४१ मध्ये निवड करताना दगड असतील तर तेरा, चेन टिकवायची असेल तर चौदा. हीसुद्धा निवडच झाली, आणि ती करायला आधी दोन्ही जोड्यांचा रेशो एकच आहे हे ठाऊक असावं लागतं.

(दोघांच्या मध्ये लेखकाने बोलू नये, पण एवढं नोंदवावंसं वाटतं. इथवर दोघेही जे म्हणाले ते बरोबर आहे, आणि त्यातून स्प्रॉकेट मात्र ठरत नाही. गॅरेजमधल्या बहुतेक चर्चा नेमक्या याच ठिकाणी येऊन चहावर संपतात. पुढचा मुद्दा तिथे सहसा निघत नाही.)

शंकेखोर : तुमच्या सगळ्या मांडणीत एक गृहीत लपलेलं आहे. या ट्रॅकसाठी, या गाडीसाठी एक बरोबर रेशो कुठेतरी आहे आणि आपण तो शोधतोय. मला हेच मान्य नाही. मागचं स्प्रॉकेट बदललं की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गियर एकाच टक्क्याने सरकतात. दोन गियरमधलं अंतर तसूभरही बदलत नाही. समजा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फेरे वीस टक्क्यांनी पडतात. ९००० वर दुसरा सोडला की तिसरा ७२०० वर पकडणार. तुम्ही तेरा लावा, पंधरा लावा, मागे पन्नास लावा, ९००० चे ७२०० च होणार. ती दरी गियरबॉक्सच्या आत खणलेली आहे. चेनवरून ती बुजवता येत नाही.

तरी चालक काय तक्रार घेऊन येतो? ‘अमुक वळणातून निघताना दुसरा संपलेला असतो आणि तिसरा उचलत नाही.’ म्हणजे तो त्या दरीत पडतोय. तुम्ही एक दाता बदलता आणि तो खूश होतो. खूश होणारच, त्या वळणातली दरी गेली. पण ती नाहीशी झाली नाही, दुसऱ्या वळणावर गेली. तिथे तो अजून पडलेला नाही, इतकंच.

हौशी : हे तुम्ही आधीच बोलायला हवं होतं. अर्धा वाद वाचला असता. मात्र तुम्ही याला स्प्रॉकेट बदलण्याविरुद्धचा युक्तिवाद समजता आणि मला वाटतं स्प्रॉकेट बदलण्याचं कारणच हे आहे. दरी बुजवता येत नाही, ती कुठे पडावी हे ठरवता येतं. ट्रॅकवर सगळ्या जागा सारख्या मोलाच्या नसतात. दरी सपाट सरळ पट्ट्याच्या मध्यावर पडली तर गियर टाकायला निवांत वेळ असतो, सेकंदाचा दहावा-विसावा भाग जातो, प्रकरण मिटतं. तीच दरी उडीच्या चढावर पडली तर? चढावर चढताना गियर टाकला की गाडीचं नाक खाली जातं, पलीकडचा उतार गाठता येत नाही, सपाटावर आदळते. तिथे टक्केवारीचा प्रश्न राहत नाही, मनगटाचा होतो.

अजून एक. ‘दुसरा संपतो, तिसरा उचलत नाही’ या तक्रारीला दोन अगदी उलट औषधं आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? रेशो आखूड केला तर तिसरा उचलायला लागतो, चालक ते वळण तिसऱ्यात घेतो. रेशो लांब केला तर दुसराच पुढपर्यंत ताणता येतो, तो तेच वळण दुसऱ्यात घेतो. आखूड करणारा बरोबर, लांब करणाराही बरोबर. वळणाकडे बघून यातलं कोणतं निवडायचं ते ठरत नाही. वळणानंतर काय आहे त्यावर ठरतं. लगेच उडी असेल तर दुसरा ताणायचा, मध्ये गियर नको. लांब चढ असेल तर तिसऱ्यात शिरायचं.

सुरुवातीच्या रांगेचंही असंच. टेनेसीमध्ये लॉरेटा लिनच्या रँचवर अमेरिकन क्वाड मोटोक्रॉसच्या राष्ट्रीय मालिकेची शर्यत होते. गेट पडल्यापासून पहिल्या वळणापर्यंत रांगेतल्या सगळ्या क्वाड एका अरुंद तोंडाकडे धावतात. मागे राहिलेल्याच्या तोंडावर पुढच्यांची माती. तिथे आखूड रेशोने पहिली धडक चांगली बसते. पण त्याच आखूड रेशोमुळे वळणाआधी एक गियर जास्त टाकावा लागला तर कमावलेलं तिथेच घालवलं. गेटपासून वळणापर्यंत किती वेळा क्लच दाबावा लागतो हे मोजून स्प्रॉकेट ठरवणारा माणूस मला शहाणा वाटतो.

शंकेखोर : छान. पण ‘बरं’ आणि ‘वाईट’ ठरवणार कोण? घड्याळ? एक दाता म्हणजे अडीच टक्के. मातीचा ट्रॅक सकाळी ओला असतो, अकराला चिकट, दुपारी दोनला चरे पडलेला. त्याच चालकाची, त्याच गाडीची फेरीची वेळ नुसत्या मातीमुळे त्याहून जास्त हलते. सकाळी १४-३८ ने दहा फेऱ्या, दुपारी १४-४० ने दहा फेऱ्या, आणि मग म्हणता, बघा, चाळीस वेगवान! तुम्ही स्प्रॉकेट मोजलंत की सूर्य?

हौशी : सकाळी जुनं, दुपारी नवं, असं करणारा अडाणी. जुनं, नवं, पुन्हा जुनं, असं करायचं. दुसऱ्यांदा जुनं लावल्यावर वेळ पहिल्यासारखी आली नाही तर माती बदलली हे कळतं आणि तेवढं वजा करता येतं. शिवाय अख्खी फेरी मोजूच नये. ज्या वळणासाठी बदल केलाय ते वळण आणि त्यापुढचा पट्टा, एवढाच तुकडा मोजावा. जीपीएसच्या टायमरवर ते आज कुणालाही जमतं.

शंकेखोर : आणि चालक? त्याला पुन्हा जुना कसा कराल? पंधरा वर्षं एकाच रेशोवर चालवणाऱ्याच्या पायात ते गियर बसलेले असतात. कुठे टाकायचा हे तो ठरवत नाही, पाय ठरवतो. नवीन स्प्रॉकेटवर पहिल्या दहा फेऱ्या त्याचा पाय जुन्याच जागी जातो, आणि वेळ वाईट येते. तुम्ही म्हणता, नवा रेशो वाईट. आठवडाभर चालवू दिलात तर पाय शिकतो, वेळ सुधारते. तुम्ही म्हणता, नवा रेशो चांगला. आणखी आठवड्याने जुना परत लावलात तर तोच वाईट ठरेल. तुम्ही रेशो मोजत नाही, सवय मोजता. नव्याची नवलाई उलट्या बाजूनेही काम करते. महागडं स्प्रॉकेट लावल्यावर ते चांगलं वाटलंच पाहिजे, नाहीतर पैसे गेले.

हौशी : हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण त्याचा आवाका मोठा करू नका. काही इंजिनं सवयीला माफ करत नाहीत. बॅन्शी घ्या, ३४७ सीसीची दोन सिलिंडरवाली टू-स्ट्रोक. तिचा दम अगदी अरुंद पट्ट्यात. पट्ट्यात असली तर हातातून निसटते, खाली गेली तर मेल्यासारखी. तिथे एका दात्याने वळणातून निघताना इंजिन पट्ट्यात आहे की बाहेर, एवढा फरक पडतो. तिथे पाय कितीही शिकलेला असो, उपयोग नाही. उलट रॅप्टरचं ६८६ सीसीचं इंजिन कुठूनही उचलतं, त्याला एक दाता इकडे-तिकडे झालेला कळतही नाही. डकार रॅलीत २००९ ते २०२४ पर्यंत क्वाडचा वेगळा वर्ग होता आणि तिथे हेच रॅप्टरचं इंजिन वर्षानुवर्षं पुढे राहिलं. तासन्‌तास वाळवंटात एकसारखं धावायचं असेल तर लांब रेशोवर कमी फेऱ्यांत चालणारं इंजिन टिकतं. तिथे स्प्रॉकेट पिकअपसाठी निवडायचं की इंजिन शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचावं म्हणून? तुमच्या ‘सवयी’ला तिथे जागा कमी.

आणि पिथमपूरची बाहा स्पर्धा बघा. तिथे पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतच्या अभियांत्रिकीच्या मुलांचे संघ स्वतः बांधलेली एटीव्ही घेऊन जातात. पेट्रोलच्या वर्गात इंजिन नेमून दिलेलं, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं, सगळ्यांना सारखं, आणि त्याला हात लावायची बंदी. अनेक संघ सीव्हीटी, म्हणजे रेशो आपोआप बदलणारी यंत्रणा, लावतात, तरी त्यामागचा ठरावीक रेशो त्यांनाच निवडावा लागतो. इंजिनात काही करता येत नाही म्हणून पोरं वर्षभर रेशोवर भांडतात. ताकद सारखी असताना फरक कुठून येतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

शंकेखोर : स्वच्छ? त्याच स्पर्धेत चढाची परीक्षा वेगळी, प्रवेगाची वेगळी आणि चार तासांची एन्ड्युरन्स वेगळी. चढाला लागणारा रेशो प्रवेगाला नको, दोन्हींना लागणारा एन्ड्युरन्सला नको. मुलं गुणांचा तक्ता काढतात आणि जिथे गुण जास्त तिकडे रेशो झुकवतात. तो निर्णय ट्रॅकचा की इंजिनाचा? गुणपत्रिका करणाऱ्याचा. मघाशी तुम्ही ‘दरी कुठे पडावी’ म्हणालात ना, त्याचाच हा मोठा अवतार. आधी कोणाला नाराज करायचं ते ठरवायचं, मग आकडा आपोआप निघतो. आकडा हे उत्तराचं शेपूट आहे.

हौशी : ठीक, मग तुमच्याच पद्धतीने विचारतो. जंगलातली शर्यत, अमेरिकेत जीएनसीसीत असते तशी दोन तासांची. इंजिन बंद ठेवून सुरुवात, मुळं, चिखल, ओढे, एक लांब दगडी चढ. २० इंची टायर. वायएफझेड ४५०आर. कोणाला नाराज करायचं?

शंकेखोर : आधी सांगा, चालक कोण? पहिल्या तासाचा की दुसऱ्या?

हौशी : एकच माणूस आहे.

शंकेखोर : गाडीला तसं वाटत नाही. पहिल्या तासात तो क्लच मारून दरीतून गाडी उचलतो, वळणात वेग राखतो, फेरे कधी पडूच देत नाही. त्याला लांब रेशो द्या, तो दरी दिसूही देणार नाही, वर मोकळ्या पट्ट्यात चार गाड्या मागे टाकेल. दुसऱ्या तासात त्याचे हात भरून आलेले असतात. क्लच दोन बोटांनी दाबायचा तो चार बोटांनी दाबतो, वळणात हळू शिरतो, फेरे पडतात, आणि तो चढ त्याला चुकीच्या गियरमध्ये भेटतो. त्याला आखूड रेशो लागतो, जो चुका पोटात घालेल. तुमचा टायमर, जुनं-नवं-जुनं, सगळं पहिल्या तासाच्या माणसावर केलेलं आहे. सरावाला दुसऱ्या तासाचा माणूस येतच नाही.

हौशी : मग मी १४-३९ लावतो. एक दाता आखूड, मोकळ्या पट्ट्यात फार गमावणार नाही.

शंकेखोर : म्हणजे पहिल्या तासाच्या माणसाला थोडं आखूड आणि दुसऱ्याला अजूनही लांबच. कंपनीवर तुम्ही मघाशी हाच आरोप केला होता.

हौशी : कंपनीने अनोळखी लोकांसाठी तडजोड केली, मी एका माणसासाठी करतोय. हा फरक लहान नाही. पण बरं, तुम्ही काय लावाल?

शंकेखोर : १३-३८. वेग द्यायला लागला तर देईन. पण चढावर थांबलेली क्वाड मागच्या दहा जणांचा रस्ता अडवते आणि पुन्हा सुटायला मिनिटभर जातं. ते मिनिट मोकळ्या पट्ट्यात कधीच भरून निघत नाही.

हौशी : तेरा? चेन घासते, स्विंगआर्मची पट्टी खाते, बहुकोन टोकदार, असं मघापासून कोण सांगत होतं?

शंकेखोर : मीच. दोन तासांत जेवढी घासायची तेवढी घासू दे, नंतर बदलेन. मागचं ४१ मात्र त्या दगडांवर मी नेणार नाही.

हौशी : आणि तो चढ सुका निघाला, तुमचा माणूस ताजातवाना राहिला, आणि सगळी शर्यत मोकळ्या कुरणातल्या पट्ट्यांवर ठरली, तर?

शंकेखोर : तर तुमचा १४-३९ माझ्या पुढे जाईल. आदल्या रात्री पाऊस पडला तर तुम्ही त्याच चढावर माझी वाट अडवून उभे असाल. आता सांगा, स्प्रॉकेट शनिवारी संध्याकाळी लावताय की रविवारी सकाळी चढ पायी चालून आल्यावर?